डाव्या हाताचा ब्रेक

बिनगिअरची स्कूटर घेऊन माणूस दारात येतो आणि म्हणतो, "पिकअप गेलाय." बस, एवढंच. मग मी विचारतो, कधी जातो? सिग्नलला सुटताना की पळता पळता? सुटताना गाडी नुसती ओरडत असेल आणि जागची हलत नसेल, तर क्लच. पळताना आवाज चढतोय पण वेग चढत नसेल, तर बेल्ट. खडखड वाजत असेल, तर पुढच्या पुलीतले रोलर झिजून चपटे झालेत. हे सगळं विचारून होईपर्यंत गिऱ्हाईक कंटाळतं. त्याला वाटतं, याने खोलून बघावं, उलटतपासणी कसली घेतोय. पण खोलायच्या आधी विचारायचं असतं. अठ्ठावीस वर्षं मी हे काम करतोय आणि तोऱ्यात सांगत आलोय की निम्मं निदान कानाने होतं.

कॉटन ग्रीनहून रे रोडकडे जाताना गोदामांच्या भिंतीला लागून माझा गाळा आहे. शटर उचललं की दोन गाड्या आत, बाकीच्या बाहेर. आत डाव्या भिंतीवर खिळ्याला एक जाड तार टांगली आहे आणि तिच्यात गाड्यांमधून काढलेले जुने पार्ट ओवले आहेत. ही माझी जुनी रीत. काढलेला पार्ट आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याने नको म्हटलं तर त्यावर पांढऱ्या पेंटने गाडीचे किलोमीटर आणि महिना लिहायचा आणि तारेत ओवायचा. पुढच्या गिऱ्हाइकाला शंका आली की तार दाखवायची. हा बघा वजनाने गेलेला, हा वयाने गेलेला, आणि हा चालवणाऱ्याने मारलेला.

माझे वडील गिरणीत फिटर होते. त्यांचं एक वाक्य मी वारशात घेतलं, गिरणीने दुसरं काही घेण्यासारखं ठेवलंही नव्हतं. "मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकायचो. मग ते बायकोच्या तोंडावरही फेकलं. ती जाऊन आता वर्ष होईल. ते वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलंय आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही.

ती डबे करायची. लालबागच्या आमच्या चाळीतल्या दीड खोलीत पहाटे स्टो पेटायचा आणि अकराच्या आत डबे भरून तयार. निम्मे परळच्या हॉस्पिटलात पेशंटपाशी बसणाऱ्या नातेवाइकांना, निम्मे जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीतल्या एका ऑफिसात. स्कूटर मीच तिला जुनी आणून, सगळी खोलून, नव्यासारखी करून दिली होती. पायाशी एक पिशवी, मागे एक क्रेट, मध्ये ही. घरात आम्ही दोघंच. एरवी ती मुंबईचं सरळ मराठी बोलायची, भांडण तापलं की मात्र मालवणीवर यायची, आणि मालवणीवर आली की मी समजायचो, आता आपण हरणार.

स्कूटरचा पहिला क्लच चार वर्षं चालला. काढला तेव्हा आतले तिन्ही शू, म्हणजे घासून पकड घेणारे तुकडे, सारखे झिजले होते, बेल्टही रुंदीने कमी झाला होता. एवढं वजन वाहून चार वर्षं म्हणजे बाईने गाडी जपून चालवली. मी तिचं कौतुकही केलं. तारेत ओवताना तिला म्हणालो, "बघ, असा मरावा पार्ट. म्हातारा होऊन."

क्लचचा दुसरा सेट पाच महिन्यांत गेला.

ती म्हणाली, सुटताना गाडी थरथरते आणि जळका वास येतो. मी खोलली. शूंवर झीज फारशी नव्हती, पण ते चकाकत होते. जळून कडक आणि गुळगुळीत झाले होते, नख फिरवलं तर घसरत होतं. ज्या लोखंडी वाटीत ते फिरतात ती वाटी निळी पडली होती. बेल्ट मात्र ठणठणीत. आता हे कुणीही मेकॅनिक सांगेल. वजनाने क्लच गेला असता तर बेल्टही दमला असता. बेल्ट चांगला आणि क्लच जळलेला, म्हणजे गाडी पुढे ओढत होती आणि कुणीतरी तिला मागून धरून ठेवत होतं. मागचं चाक खोललं, तर ब्रेकचे लाइनरही जळलेले. मागचा ब्रेक असतो डाव्या हाताला. बोट ठेवायला जागा नव्हती इतकं स्वच्छ निदान.

"तू डावा ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देतेस," मी म्हणालो.

"नाय हो. मी कशाला दाबू?"

"सवय असते. बायका दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवूनच चालवतात."

"चार वर्षं चालवतेय, तेव्हा नव्हती सवय?"

प्रश्न चांगला होता. खरं तर सगळ्या प्रकरणात तो एकच शहाणा प्रश्न होता, आणि तो मी विचारायला हवा होता. गिऱ्हाइकाला मी विचारतो ना, कधीपासून? आधी होतं का? पण घरच्या माणसाला कोण विचारतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तिला वडिलांचं वाक्य ऐकवलं, मशीन खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी बोलते?" मी पाना उचलला आणि कामाला लागलो. या प्रश्नाला गप्प राहणं म्हणजे काय, हे लग्न झालेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

तिसरा सेट अडीच महिन्यांत गेला. पुन्हा तेच. चकाकते शू, निळी वाटी, ठणठणीत बेल्ट. या वेळी गाळ्यात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मला भानच राहिलं नाही. तिच्या पुढ्यात जळका शू धरला आणि म्हणालो, "हे घे. हे तू केलंयस. वर म्हणायचं मी ब्रेकला हात लावत नाही. चोराच्या उलट्या बोंबा." ती आधी लाल झाली. मग बारीक आवाजात म्हणाली, "मिया सांगतंय ता खोटा, आणि गाडी सांगता ता खरा?"

त्यातलं एक गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. ते हसणं मला आज कुणी परत घ्यायला दिलं तर मी गाळा लिहून देईन.

नवा सेट येईपर्यंत तेच शू तात्पुरते परत बसवून दिले आणि तिला पुराव्यानिशी पकडायचं असं मी ठरवलं. हे सांगतानासुद्धा लाज वाटते. एका दुपारी दुरुस्तीला आलेली दुसरी एक स्कूटर काढली, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि ती डबे घेऊन निघाली तशी तिच्या मागे लागलो. लालबागहून परळपर्यंत. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, तेवढंच मला बघायचं होतं. दिवा लागलेला होता. रस्ता मोकळा असताना लागलेला, गाडी पळत असताना लागलेला, वळताना लागलेला. एकदाही विझला नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बायको खोटी ठरली याचा आनंद.

सिग्नलला मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि हेल्मेटची काच वर केली. ती दचकली.

"हाताकडे बघ," मी म्हणालो.

तिने खाली बघितलं. डाव्या हाताची चारही बोटं ब्रेकच्या दांड्यावर घट्ट मिटलेली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या गाडीवर आहे, अशा नजरेने. तेवढ्यात सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले. तिने बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेनात. मग उजव्या हाताने तिने डाव्या हाताचं एक बोट धरून वर उचललं, आणि मग बाकीची सुटली. हे मी बघितलं. माझ्या या दोन डोळ्यांनी, तीन फुटांवरून बघितलं. मला वाटलं, नाटक करतेय.

"मला कळलंच नाही हो," ती म्हणाली.

"आता कळलं ना?" मी म्हणालो, आणि गाडी वळवून गाळ्यावर आलो.

त्या दिवसापासून तिने वाद घातला नाही. मीही चौथा सेट बसवताना एक शहाणपण केलं. मागच्या चाकापाशी ब्रेकचा नट असतो, तो दोन वेढे ढिला केला. आता दांडा निम्मा दाबला तरी ब्रेक लागणार नाही, मुद्दाम जोर लावून पुरता दाबला तरच लागेल. म्हणजे तिने बोटं मिटून धरली तरी गाडी मागे ओढली जाणार नाही. जालीम उपाय. क्लच जळणं थांबलं. महिना गेला, तीन गेले, सहा गेले, वास नाही की थरथर नाही. मी गिऱ्हाइकांना ही कथा रंगवून सांगायचो. माणूस सुधारत नसेल तर मशीन सुधारायचं, वगैरे. एकच गोष्ट ओरडून सांगत होती की काहीतरी बिघडलंय, आणि तिचं तोंड मी दोन वेढ्यांत बंद केलं होतं.

त्या महिन्यांत घरात काय काय झालं ते मला आता ओळीने आठवतं. एकदा ती स्टोवरचं पातेलं उतरवून सांडशी हातात घेऊन उभीच राहिली. "बघा, ही मला सोडत नाय," म्हणाली आणि हसली. मी म्हणालो, "म्हातारी झालीस." एकदा ती जिना चढून वर आली तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. ती खालच्या मजल्यावर गळून पडली होती आणि हिला पत्ता नव्हता. त्यावर चाळीत दोन दिवस हशा झाला. एकदा बाजारातून येताना नारळाची पिशवी घरी येऊनही तिच्या हातातच होती, जेवायला बसेपर्यंत. मी रोज डझनभर लोकांना विचारतो, आणखी काही जाणवतं का? तिला एकदाही विचारलं नाही.

एका मंगळवारी सकाळी डबे भरता भरता तिला फिट आली. शेजारच्यांनी मला फोन केला, मी येईपर्यंत त्यांनी तिला टॅक्सीत घातलं होतं. डाव्या मुठीत डब्याचं झाकण होतं. ते हॉस्पिटलपर्यंत तसंच आलं. जिथे ती रोज डबे घेऊन जायची तेच हॉस्पिटल. गेटवरचा माणूस टॅक्सीत वाकून म्हणाला, "वहिनी, आज लवकर?" आणि मग त्याने नीट बघितलं आणि बाजूला झाला.

मेंदूच्या उजव्या बाजूला पुढे गाठ होती. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी फिल्म दिव्यावर लावून मला दाखवली आणि साध्या मराठीत समजावलं. गाठ अशा जागी असली की उलट्या बाजूचा हात, हातात येईल ते धरतो. धरायचा हुकूम न देता धरतो आणि सोडायचा हुकूम त्याला पोचत नाही. माणसाला स्वतःला कळतही नाही की आपण काही धरलंय.

मी विचारलं, "म्हणजे ब्रेकचा दांडा असला हातात, तर?"

"काहीही असलं तरी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिला विचारलं, हाताचं हे कधीपासून? ती बिचारी आठवून म्हणाली, "महिना झाला असेल." तिच्या लेखी महिनाच झाला होता.

मी म्हणालो, मी उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी तारेतून तिन्ही सेट काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि घेऊन गेलो. गेटवरच्या माणसाने पिशवी उघडायला लावली, लोखंड बघून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. डॉक्टरांच्या टेबलावर मी ते ओळीने मांडले. हा पहिला, चार वर्षांचा, सारखा झिजलेला, तेव्हा हात चांगला होता. हा दुसरा, पाच महिन्यांत जळलेला. हा तिसरा, अडीच महिन्यांत. प्रत्येकावर माझ्या अक्षरात महिना लिहिलेला. तिसऱ्यानंतर मी नट ढिला केला, त्याला आठ महिने झाले. त्या बाईंनी मला हाकललं नाही. त्यांनी ते शू एकेक करून हातात घेतले, त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि हिशोब करून केसपेपरवर लिहिलं, सव्वा वर्षापासून.

मी विचारलं, "तेव्हा आणलं असतं तर?"

त्यांनी केसपेपर मिटला. "लवकर आला असतात तरी फार फरक पडला नसता," म्हणाल्या.

हे वाक्य माझं आहे. ऑइल न बदलता कुणी इंजिन जाम करून आणलं आणि त्याचं तोंड पडलेलं बघवलं नाही की मी हेच म्हणतो. आधी आणली असतीत तरी फार फरक पडला नसता. कधी ते खरं असतं, कधी नसतं. पण माझ्या चेहऱ्यावरून गिऱ्हाइकाला ते कधीच ओळखता येत नाही, तेवढा मी तयार आहे. मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं. त्याही तयार होत्या. पार्ट पुन्हा कागदात गुंडाळून मी बाहेर आलो आणि जिन्यावर बसून रडलो. येणारे जाणारे बाजूने वाट काढून जात होते, तिथे रडणाऱ्याचं कुणाला नवल नसतं.

ऑपरेशन झालं. सगळी गाठ काढता आली नाही. त्यानंतर ती घरी आली आणि सात महिने होती. डोकं तिचं शाबूत होतं, जीभ तर जास्तच. खाटेवरून सगळ्या चाळीचा कारभार बघायची, मी केलेल्या डाळीला नावं ठेवायची. एके दिवशी मी तिला भरवत असताना ती अचानक म्हणाली, "तुम्हीच बरोबर होतात हो. ब्रेक मीच दाबत होते."

एवढं एक वाक्य ऐकायला मी कितीतरी महिने तिच्याशी भांडलो होतो. तिच्यामागे चोरासारखा फिरलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "तू नव्हतीस दाबत."

"मग कोण? गाडी खोटं बोलते काय?"

"तूही खरं बोलत होतीस."

"असं कसं? दोघांतलं एक तरी खोटं पाहिजे ना." आणि हसायला लागली, घास घशाशी अडकला, पाणी द्यावं लागलं. तिच्यासाठी तो विनोद होता. मी तिची माफी मागितली, अगदी शब्दांत, आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, "डाळीत मीठ नाय, त्याची मागा."

तिची स्कूटर गाळ्यात आतल्या बाजूला उभी आहे. चौथा सेट तिच्यात तसाच आहे, आठ महिने चाललेला आणि नव्यासारखा. तीन सेट तारेत परत ओवले आहेत, पण मी ते आता कुणाला दाखवत नाही. जळका क्लच घेऊन कुणी आलं की मी आधी त्याची बोटं उघडमीट करून बघायला सांगतो. लोकांना वाटतं, याचं डोकं फिरलंय. वाटू दे. साप साप म्हणून भुई धोपटणं आहे ते, मलाही कळतं.

शेवटच्या महिन्यात मी दुपारी गाळा बंद करून तिच्यापाशी बसायचो. डावा हात चादरीवर पालथा पडलेला असायचा. एकदा तो सरळ करताना माझी बोटं तिच्या तळव्याला लागली आणि हात मिटला. घट्ट मिटला. ती दाराबाहेर बघत होती, गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या त्यांच्याकडे. तिला काही कळलं नव्हतं. हात सोडवायची युक्ती डॉक्टरांनी शिकवली होती, हाताच्या पालथ्या बाजूवर हळूहळू चोळलं की बोटं सैल पडतात. मी चोळलं नाही. अर्धा तास तरी गेला असेल.

मग तिने मान वळवली. "गेला नाहीत अजून? गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

"जाईन."

तिची नजर खाली गेली. तिने माझा हात बघितला, स्वतःचा हात बघितला. सिग्नलवर बघितला होता तसाच.

"मला कळलंच नाही हो," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला.